रेतीत न रुतणारी सायकल

सायकलीचा शोध कोण्या परदेशी माणसाने लावला असेल तो लावो, पण तिच्यावर खरं प्रेम आजवर पृथ्वीतलावर एकाच माणसाने केलं आहे, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आमच्या गोंदियाकडे आत्याच्या नवऱ्याला फुफाजी म्हणतात. फुफाजींना माणसं लवकर कळत नाहीत, नावं तर बिलकूल लक्षात राहत नाहीत. पण एकदा पाहिलेली सायकल ते जन्मात विसरत नाहीत. रस्त्यात कोणी नमस्कार केला की ते आधी त्याच्या हँडलकडे पाहतात, मग चेनकडे, आणि तिथून ओळख पटत पटत वर चेहऱ्यापर्यंत पोहोचतात. त्यांच्या मुलीसाठी मुलगा पाहायला गेलो होतो तेव्हा आम्ही सगळे बैठकीत पोहे खात बसलो होतो आणि मुलीचा बाप गायब. शोधायला गेलो तर हे अंगणात, मुलाच्या सायकलीखाली मान घालून बसलेले. हात पुसत आत आले आणि भर बैठकीत म्हणाले, "पोरगा चांगला हाय. तेल वेळेवर टाकते." सोयरीक तिथेच पक्की झाली. जावई खरोखरच चांगला कसा निघाला, हे मला आजही नीटसं समजलेलं नाही.

त्यांच्या खिशात कायम एक लहानसा पाना असतो. लोक तंबाखूची डबी जशी जपतात तसा. कोणाच्या तेरवीला गेले तरी मंडळी आत जेवत असताना फुफाजी बाहेर भिंतीला टेकवलेल्या सायकली तपासत फिरतात. दुःखात आलेले पाहुणे परत जाताना त्यांच्या लक्षात येतं की येताना करकरणारा ब्रेक आता गुपचूप लागतो आहे. मोटारसायकलीबद्दल मात्र त्यांचं मत वाईट. "त्यात माणसाचं का हाय गा?" ते विचारतात. "बसला आन गेला."

नोकरी त्यांनी नागझिऱ्याच्या जंगलात केली, वनरक्षकाची, आणि सगळी गस्त सायकलीवर. निवृत्त झाले आणि दवनीवाड्याला आत्यासोबत धानाची शेती पाहू लागले. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी सायकल बंद म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "तुमची कोणती हाय?" डॉक्टरांकडे सायकल नव्हती. फुफाजींनी सल्ला मानला, पण त्यानंतर त्या डॉक्टरांवरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच.

अशा माणसाला न विचारता मी सायकल घेतली, ही माझी चूक. मी फुलचूरला राहतो, शाळेत शिकवतो, पोट सुटलं म्हणून सकाळी चालवायला काहीतरी हवं होतं. दुकानात ती जाड टायरांची नवीन सायकल उभी होती, मोटारसायकललाही लाजवील असे तिचे टायर. मी भुललो. घरी आणून फुफाजींना फोन केला. ते म्हणाले, "टायर केवढा म्हंतलास?" मी वीत लावून सांगितलं. "मी येऊन राहिलो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन माझ्या दारात हजर. पिशवीत एक जोडी कपडे आणि बाकी सगळं लोखंड.

सायकल त्यांनी अंगणात उलटी करून ठेवली आणि तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. हात लावला नाही. मग दोरी काढली. तिला जागोजागी गाठी मारलेल्या. टेपवर त्यांचा भरवसा नाही. हँडलपासून सीटपर्यंत, सीटपासून पायडलपर्यंत, दोन्ही चाकांच्या मधलं अंतर, सगळं दोरीने मोजलं. फ्रेमच्या जोडांवरून अंगठा फिरवला. "वेल्डिंग साफ हाय," ते नाइलाजाने बोलल्यासारखे बोलले. "मुंग्यांच्या रांगेवानी. पण दांडा उतरता काऊन देला? लेकराले बसवाचं कुठी?" मी म्हणालो, अशा सायकलीवर लेकराला बसवत नाहीत. "मंग लेकरू कायले पैदा करते माणूस?"

दुसऱ्या दिवशी सुटे भाग निघाले. पिशवीतून त्यांनी साध्या सायकलीचा एक्सल काढला, मागच्या हबला लावून पाहिला, आखूड पडला. पायडलचा एक्सलही आखूड. टायर एवढा रुंद, की चेनला त्याच्यापासून दूर ठेवायचं तर सगळंच रुंद करणं भाग होतं, हे त्यांनी मला खडूने अंगणात आकृती काढून समजावलं. मी पंधरा वर्षं फळ्यासमोर उभा आहे, पण इतकी सरळ रेघ मला कधी आली नाही. चाकाचा आरा लांबीला जुळला नाही, मडगार्ड टायरवर टोपीसारखं बसलं, कॅरिअर लावायला मागे भोकंच नव्हती. मग आम्ही दोघं गोंदियाच्या बाजारात सगळी सायकल दुकानं फिरलो. एका दुकानदाराने ट्यूब मागवावी लागेल म्हणून सांगितलं, "चाचा, आठ-दस दिन लगेंगे." घरी येऊन फुफाजी सायकलीकडे पाहत म्हणाले, "बिचारी एकटी हाय. गावात हिचा कोणी सोयरा नाही. हिचं काही कोणाले लागत नाही, आन कोणाचं काही हिले लागत नाही." पण बोलताना त्यांचा हात तिच्या सीटवर होता.

तिसऱ्या दिवशी फ्रेम आणि टायर यांच्यामध्ये बोट घालून झालं. "दोन बोटं जागा हाय. चिखल अडकणार नाही," म्हणाले. चौथ्या दिवशी पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा तो भाग, दाबून, ओढून, वाकून पाहून झाला. रोज संध्याकाळी मी विचारायचो, "मग फुफाजी, कशी आहे?" रोज तेच उत्तर, "पाहून राहिलो ना!" शेवटी आत्याचा फोन आला. तिचा आवाज फोन न उचलताही आला असता. "सायकल पाहाले गेला का तिच्यासंग घर बसवाले? धान कापाले आला इथी!" फुफाजींनी फोन कानापासून दूर धरून ऐकलं आणि मला म्हणाले, "एक गोष्ट राहिली. रेतीत न्या लागन."

रविवारी सायकल टेम्पोत टाकून आम्ही दवनीवाड्याकडच्या नदीवर गेलो. हिवाळ्याची सकाळ होती. पात्रात पाण्याची एक बारीक धार आणि बाकी सगळी पांढरी, कोरडी रेती. मी उत्साहाने सायकलीवर बसलो, दहा हात गेलो आणि आडवा झालो. फुफाजी हसले नाहीत. ते गुडघ्यावर हात ठेवून कष्टाने खाली बसले आणि दोन्ही चाकांची हवा सोडू लागले. थोडी सोडायची, अंगठ्याने टायर दाबायचा, पुन्हा थोडी सोडायची. "रेतीत टायर फुगलेला नाही चालत," म्हणाले. "थोडं नरम व्हा लागते."

मग त्यांनी स्वतःच सायकलीवर पाय टाकला. मला अडवायला वेळच मिळाला नाही. उजवा पाय पायडलवर, डावा जमिनीवर, नजर समोर पलीकडच्या काठावर. पायडल खाली गेलं, आणि वर येता येता त्यांचा गुडघा अडला. त्यांनी पाय काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा अडला. तिसऱ्या वेळी ओठ घट्ट मिटून त्यांनी जोर लावला तेव्हा मीच पुढे होऊन हँडल धरलं. ते खाली उतरले. कपाळावर घाम होता. त्यांनी पायडल धरणाऱ्या दांडीवरून, क्रँकवरून, अंगठा फिरवला.

"क्रँक लांब बसवली," ते म्हणाले. "माह्या गुडघ्याले जुळत नाही."

"हो ना फुफाजी," मी म्हणालो. "लांबच आहे."

"तू चालव. सरळ जा. मधी थांबू नको."

मी गेलो. सायकल रेतीवरून अशी निघाली की जणू खाली डांबर आहे. पलीकडे पोहोचून वळून पाहिलं तर फुफाजी माझ्या चाकोरीतून हळूहळू चालत येत होते. मध्येच वाकून त्यांनी टायरच्या ठशावर तळहात ठेवला, जंगलात जनावराचा माग पाहताना ठेवत असतील तसा. जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "फ्रेम चांगली हाय. फक्त उशिरा आली."

दुपारी आत्याच्या घरी जेवताना फुफाजी हात धुवायला उठले तेव्हा तिने मला सांगितलं. त्यांच्या गस्तीच्या वाटेवर रेतीचा एक रुंद नाला होता. साध्या सायकलीची चाकं त्यात बुडायची. इतकी वर्षं, जाताना एकदा आणि येताना एकदा, ह्या माणसाने सायकल खांद्यावर घेऊन तो नाला ओलांडला. "खांद्यावर घट्टा पडला होता बाप्पा. मी तेल लावून देत होती," आत्या म्हणाली. "रोज म्हणत, एखादी सायकल अशी निघाली पायजे का नाल्यात उतरली आन निघून गेली. मी म्हणत होती, पागल हायेस." तिचा आवाज पहिल्यांदाच मला खालच्या पट्टीत ऐकू आला.

निघताना मी सायकल त्यांच्या ओसरीवर लावली. म्हणालो, तुमच्याकडेच राहू द्या. क्रँक आखूड मागवू, काहीतरी करू. फुफाजी स्वतःच तिला हाताने ढकलत टेम्पोपर्यंत घेऊन गेले. "ठेवली तर मन रोज नाल्यावर जाईन," ते म्हणाले. "आता तिथी मले तिकीट काढून जा लागते. सफारीच्या जिप्सीत बसून. गाइड मलेच सांगते, बाबाजी, तो पाहा मोर." ते हसले, मग नाही हसले. "तू चालव. उभी ठेवशील तर टायर तडकून जाईन."

यंदा त्यांचे गुडघे आणखी बिघडले आहेत. ते दवनीवाड्याबाहेर पडत नाहीत. मागच्या महिन्यात मी जंगलालगतच्या एका गावी गेलो होतो, गाडीमागे सायकल बांधून. गावाबाहेर एक नाला लागला, कोरडा, रुंद, रेतीचा. त्यांचा तो नाला हा नव्हे. तो आत, अभयारण्याच्या फाटकाच्या पलीकडे. तरी मी उतरून फोन लावला आणि कुठे उभा आहे ते सांगितलं.

"हवा कमी केली का?" त्यांनी विचारलं.

"केली."

"अंगठ्यानं दाबून पाहिलं?"

"पाहिलं. जातो आता पलीकडे. तिकडे पोहोचून फोन करतो."

"नको," ते घाईने म्हणाले. "फोन बंद नको करू. खिशात ठेव आन चालव."

मी फोन शर्टाच्या खिशात ठेवला आणि काठावरून खाली उतरलो. रेती चाकांखाली हळू आवाज करत होती. मी सावकाश, अगदी सावकाश पायडल मारत राहिलो, नाला जितका लांबवता येईल तितका लांबवत. खिशातून एकही शब्द आला नाही. फक्त त्यांचा श्वास तेवढा मला ऐकू येत होता, चढ चढणाऱ्या माणसासारखा.