बर्फावर गाडी चालवायचे धडे

बाहेर पंचेचाळीस डिग्रीचा उन्हाळा, आणि आमचे हे इथे आखातात, अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये एसी लावून बर्फात गाडी कशी चालवायची याचे व्हिडिओ बघत बसायचे. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायचं, ब्रेक एकदम दाबायचा नाही, डिकीत फावडं आणि ब्लँकेट हवंच. सगळं मला मोठ्याने ऐकवायचे. मी म्हणायची, "अहो, बाजारात तुरी! इथे बर्फ फक्त मॉलमध्ये, तोही तिकीट काढून." हे हसायचे, लेकही हसायची. मला वाटायचं, माझ्या बोलण्यालाच हसतात.

दोन वर्षांनी साताऱ्याला परतायचं, हे आमचं ठरलेलं होतं. खाली आई, वर आम्ही. वरच्या तिन्ही खोल्यांच्या फरशा मी गेल्याच सुट्टीत पसंत केल्या होत्या. आईला शब्द दिला होता.

मग एका सकाळी माझ्या मोबाइलवर मेसेज आला: कॅनडा इमिग्रेशनची मेडिकल, मंगळवारी दहा वाजता. चुकून आला असेल म्हणून मी ह्यांना दाखवला. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"अगं, सांगणारच होतो. इथे नोकरी संपली की व्हिसा खलास. पोरीचं फ्यूचर बघायला नको?"

"आणि माझी सही?"

"तूच केलीस. व्हिसा रिन्यूअलच्या कागदांबरोबर."

खरंच केली होती. आमच्या घरात सगळ्यांचे पासपोर्ट ह्यांच्या काळ्या बॅगेत असतात. दर रिन्यूअलला हे कागद पुढे सरकवतात आणि पिवळी चिठ्ठी दिसेल तिथे मी कणकेचे हात पुसून सही करते. इतक्या वर्षांत एक ओळ वाचली नाही. नवऱ्याने आणलेलं काय वाचायचं?

लेक मान खाली घालून म्हणाली, "मम्मा, वी डिडन्ट वॉन्ट यू टु स्ट्रेस."

म्हणजे तिलाही माहीत होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्याने फसवलं असतं तर मी कडाकडा भांडले असते. इथे नुसतं रडू आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला.

मंगळवारी ते दोघंच मेडिकलला गेले. मी आईला फोन लावला.

"फरशीवाला विचारत होता," आई म्हणाली. "काम सुरू करायला सांगू?"

"सांग," मी म्हटलं. "पण एकाच खोलीचं."