गुळाचे आहेत, साखरेचे नाहीत!

मुंबई विमानतळाच्या दाराशी आमच्या ह्यांची एक चप्पल मागे राहिली. हे माझी बॅग ढकलत चांगले पुढे गेले, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, आणि पत्ताच नाही! मागून एक बाई ओरडली, "अहो काका, चप्पल!" मी म्हटलं, "लक्ष कुठंय तुमचं? मी चाललेय म्हणून एवढा आनंद झालाय का?" आजूबाजूचे हसले, हेही हसले. अशा हसत्या मुहूर्तावर मी, साताऱ्याची सुनंदा, आयर्लंडला निघाले.

जाण्याचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. माझा मुलगा निखिल कासलबारला राहतो. पश्चिम आयर्लंडातल्या मेयो परगण्याचं हे मुख्य गाव. तो घरी बसून सॉफ्टवेअर लिहितो, आणि सूनबाई केतकी तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. निखिल अजून चाळिशीलाही पोचलेला नाही, आणि डॉक्टर म्हणाले, साखर अगदी काठावर आहे, पुढच्या तपासणीत खाली आली नाही तर गोळ्या सुरू. ह्यांचा मधुमेह जुना, ह्यांच्या थोरल्या भावाचा तर त्यापायी अंगठा गेला. केतकीचा फोन आला, "आई, तुम्ही याच. माझं काही ऐकत नाही तो." मी म्हटलं, बघतेच कसा ऐकत नाही! फोन ठेवला आणि बॅग काढली.

डब्लिनला निखिल न्यायला आला होता. आधी त्याचं पोट दिसलं, मग निखिल दिसला. गाडी गावाबाहेर पडली तशी दोन्हीकडे हिरवीगार कुरणं सुरू झाली. मेंढ्यांच्या पाठीवर निळे-गुलाबी डाग, जणू रंगपंचमी खेळून आल्या आहेत. (कुठली मेंढी कुणाची हे कळावं म्हणून रंगवतात.) वाटेत पेट्रोलपंपावर चहाला थांबलो, तर चिरंजीवांनी ब्रेकफास्ट रोल घेतला. हातभर पावाच्या पोटात सॉसेज, अंडं, बटाटा, आणि वर घळघळा सॉस.

"अरे, हे काय?"

"आई, थंडीचा देश आहे. बॉडीला एनर्जी लागते ना यार."

कसली थंडी! गाडीत हीटर, पंपावर हीटर. मी शाल काढली, स्वेटर काढला, कासलबार येईपर्यंत पदराने वारा घेत होते. थंडी बिचारी बाहेर उभी होती, तिला आत घेतंय कोण?

घरी पोचून पाणी प्यायले नाही तोच शेजारीण दारात. नोरीन तिचं नाव. गुलाबी गाल, पांढरे केस, हातात निळ्या काठाची खोल ताटली, आणि ताटलीत वाफाळता ॲपल टार्ट (सफरचंदाचं सारण भरलेली गोड पोळीच म्हणा, पण इंचभर जाडीची). मी आपल्या पद्धतीप्रमाणे "नको, नको" म्हटलं. ती म्हणाली, "घेशीलच तू!" मी पुन्हा नको म्हटलं. "अगं, एवढासा तुकडा!" तेव्हा माझ्या लक्षात आलं, ही बाई आपल्यातलीच आहे. हिला पंगतीत वाढायला उभी केली असती, तर कुणाला हात आडवा धरू दिला नसता. तीन वेळा नाही म्हटल्यावर मी मोठा तुकडा खाल्ला.

नोरीन गेल्यावर केतकीने ताटली उचलली आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. मी म्हटलं, अन्न टाकायचं नाही. निखिल लगेच पुढे झाला, "द्या मला. गावात हब आहे (घरून काम करणारे एकत्र बसतात ती जागा), तिथल्या लोकांना नेतो." किती शहाणं माझं लेकरू, मला वाटलं.

आता प्रश्न उरला ताटलीचा. शेजारणीची ताटली रिकामी परत करायची नाही, हे मला आईने चालायच्या आधी शिकवलं असेल. आणि माझ्या बॅगेत होतं काय? डिंक, खारीक, खोबरं, गूळ. थंडीच्या देशात चाललेय, हाडं धरली तर? इथलं लोणी तर हळदीसारखं पिवळं. कढवलं आणि घरभर असा वास सुटला की मला साताराच आठवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केतकी कामावरून आली, तर ओट्यावर डिंकाच्या लाडवांची आरास.

"आई! तुम्ही त्याची साखर उतरवायला आलात ना?"

"गुळाचे आहेत गं, साखरेचे नाहीत."

"गूळ म्हणजे काय दुधी भोपळा आहे का?"

मी लाडू नोरीनच्या ताटलीत भरले आणि देऊन टाकले. घरातली बला टळली, रीतही राखली. नोरीनने "नको, नको" म्हटलं, मी "घेशीलच तू" म्हटलं. फिट्टंफाट!

पण नोरीनलाही तिच्या आईने तेच शिकवलेलं असणार. दोन दिवसांनी ताटली परत आली, टार्ट घेऊन. मी पुन्हा लाडू वळले. मग टार्ट. मग बेसनाचे लाडू. ती ताटली आमच्या दोन दारांमध्ये एस.टी.च्या फेऱ्या मारू लागली. एकदा चहा पिताना नोरीन हळूच म्हणाली, "माझ्या नवऱ्याला, कॉनला, शुगर आहे गं. तुझं गोड आलं की तो स्वतः चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये म्हाताऱ्यांना वाटून येतो. किती शहाणा झालाय!" मी म्हटलं, "माझाही तुझं सगळं हबमध्ये नेऊन देतो." आम्ही दोघींनी कृतार्थ होऊन चहात बिस्किट बुडवलं.

त्यात दुधात साखर, म्हणजे बिनसाखरेची, अशी की निखिल आणि कॉन दुपारी बरोबर फिरायला जाऊ लागले. कॉन सत्तरीचा, उंच, गप्पिष्ट. एकदा कुंपणाशी उभा राहून सांगत होता, "आम्ही पोरं दिवसभर बॉगवर असायचो, टर्फ कापायला." (बॉग म्हणजे दलदलीचं काळं रान. टर्फ म्हणजे तिथल्या मातीचे विटांसारखे तुकडे, वाळवून शेगडीत जाळतात.) "तेव्हा घर गरम करायला आधी स्वतः घामाघूम व्हायला लागायचं. आता भिंतीवर बटण आहे. पण भुकेला कुणी सांगितलंच नाही, की बाई गं, टर्फ बंद झालं!" मला आमचे मामंजी आठवले. नांगरट करून आले की भाकरीची चवड संपवायचे. निखिल जेवायला मामंजींसारखा, आणि नांगर म्हणजे त्याचा तो माऊस.

एका दुपारी आभाळ भरून आलं. दोघं छत्रीवाचून गेलेले. नोरीन म्हणाली, "चल, रेनकोट घेऊन जाऊ." कॉनची बॉगवर टर्फ ठेवायची जुनी शेड होती, तिकडेच फिरतात म्हणून सांगायचे. आम्ही वाऱ्यात, चिखलात, माझी साडी पोटरीपर्यंत खोचून, तरातरा चालत गेलो. वळणावर पाहते तर काय, निखिलची गाडी! फिरायला गाडीने आले होते!

शेडच्या आत दोन पुरुष टर्फच्या ढिगावर ऐसपैस बसलेले. मधे थर्मास. निखिलच्या मांडीवर ॲपल टार्ट, कॉनच्या दोन्ही हातांत माझे लाडू. हब नाही, पॅरिश हॉल नाही. आम्ही दोघी घरातली साखर शेजारी ढकलत होतो आणि इथे मुद्देमालाची अदलाबदल चालली होती.

"लाज नाही वाटत, गाढवा!" मी मराठीत. नोरीन तिच्या भाषेत. पत्र्यावर पाऊस, खाली आम्ही. निखिल म्हणाला, "आई, गाडीपासून इथपर्यंत चालतो ना पण!" कॉनने लाडू वर धरला आणि निरागस चेहऱ्याने म्हणाला, "हे गुळाचे आहेत, साखरेचे नाहीत." माझं वाक्य माझ्याच पोराने त्याला पढवलेलं! रागातही मला हसू फुटलं, नोरीनलाही फुटलं.

हसता हसता नोरीन थांबली. "कॉन, तुझा बूट बघ." त्याचा डावा बूट पाण्याने भरला होता. वाटेत कुठल्या तरी खड्ड्यात पाय गेला असणार. त्याने बूट काढून उलटा केला, भळकन काळं थंडगार पाणी सांडलं.

"तुला कळलं नाही?"

"हल्ली हा पाय मला काही सांगत नाही," कॉन म्हणाला आणि लाडू बाजूला ठेवला.

माझ्या डोळ्यांपुढे विमानतळ आला, ह्यांचा उघडा पाय, मागे पडलेली चप्पल. सगळे हसलो होतो आम्ही. मला रडूच आलं. निखिल घाबरला, "आई, सॉरी, काय झालं?" मी त्याला चपलेचं सांगितलं. त्याने टार्ट खाली ठेवला. मग आम्हा सगळ्यांना गाडीने घरी आणलं, गाडी दारात लावली, आणि माझा हात धरून पुन्हा बाहेर पडला. पावसातच गावाला वळसा घालून आलो. कुठेही बसला नाही.

त्यानंतरही ताटली फिरायची थांबली नाही, थांबवणार कोण? पण तिच्यातून मोड आलेली मटकी जाऊ लागली आणि परसातला कोबी येऊ लागला. माझ्या निघण्याआधी निखिलची तपासणी झाली. साखर काठावरून आत आली, गोळ्या टळल्या. केतकीने मला मिठीच मारली. कॉनला नोरीनने पायाच्या डॉक्टरकडे ओढत नेलं.

निघताना नोरीनने ताटली माझ्या हातात दिली. आत तिने विणलेले लोकरीचे मोजे. "तुझ्या नवऱ्याच्या पायांसाठी." मी "नको" म्हटलं. ती म्हणाली, "घेशीलच तू!"

विमानात गारठा फार, म्हणून ते मोजे मीच घातले. अगं बाई, काय टोचतात! मुंबई येईस्तोवर पोटऱ्या खाजवून लाल झाल्या.

घरी आल्यावर ह्यांना खुर्चीत बसवलं, खाली बसून मोजे चढवले आणि विचारलं, "टोचतात का हो?"

"छे! लोण्यासारखे मऊ आहेत," हे खूश होऊन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पायांच्या तपासणीला घेऊन निघाले. पट्ट्याची सँडल घालायला लावली आणि हात धरून चालवलं. वाटेत हे विचारतात, "काय गं, त्या नोरीनबाईंची ताटली रिकामी कशी पाठवणार? डिंकाचे लाडू कर की, गुळाचे."