तारीख नसलेली ओहोटी

शनिवारच्या तासाला मी फळ्यावर आधी तीन प्रश्न लिहिते. हे कोणी लिहिलं? कुठल्या जागेसाठी? कधी? पहिल्या वर्षाच्या मुलांना फोन माझ्यापेक्षा चांगला चालवता येतो, पण त्यावर दिसलेलं तपासायची सवय नसते. त्या दिवशी मी सांगितलं, तुम्ही स्वतः कुणाला तरी पाठवलेली एक गोष्ट निवडा आणि तपासा.

हरिहरेश्वरहून एसटीने येणारी एक मुलगी लगेच उठली. तिच्या घरी पाहुण्यांना खोल्या देतात. देवळामागच्या पायऱ्या उतरून खडकांतून जाणारी प्रदक्षिणेची वाट फक्त ओहोटीला मोकळी असते. भरतीला लाटा थेट कड्यावर आपटतात. पाहुणे सारखे वेळ विचारतात, म्हणून तिने रंगीत तक्ता करून त्याचा फोटो त्यांना पाठवला होता.

"वेळा सरकारी तक्त्यातून घेतल्यात, मॅडम. जागा पण आपलीच हाय."

"आमच्या मावशीच्या ग्रुपवर पण आलाय," मागून एक मुलगा म्हणाला. "कुणीतरी खाली गुलाब लावलाय. फेमस झालीस तू."

वर्ग हसला. मी फोटो पडद्यावर मोठा केला. शनिवार, वाट मोकळी साडेदहा ते तीन. रविवार, सव्वाअकरा ते पावणेचार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली होती. तारीख कुठेच नव्हती.

"हा कुठला शनिवार?"

"गेला," ती म्हणाली. "पाहुणे शनिवार-रविवारीच येतात ना. जेवणाच्या वेळांचा बोर्डही आम्ही असाच लिवतो."

आणि तिथेच ती थांबली. किनाऱ्यावरच्या मुलीला पुढचं सांगावं लागत नाही. समुद्राची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. आठवडाभराने ओहोटीच्या जागी भरती येते.

पावणेअकरा वाजले होते. तासाला कुणाला फोन लावायचा नाही, हा नियम माझाच. "लाव," मी म्हटलं.

फोन आईने उचलला. स्पीकरवर सगळ्या वर्गाला ऐकू येत होतं.

"आई, पाहुणे कुठं हायत?"

"गेले की पोहे खाऊन. तुझाच फोटू बघत व्हते. का गं?"

"बाबांना पायऱ्यांवर पाठव. आत्ता. पाणी चढतंय."

पलीकडून नुसतं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

पाहुण्यांच्या फोनला रेंज नव्हती. कड्याखाली ती मिळतच नाही. मला भीती वाटत होती ती अर्ध्यावर आलेल्या पाण्याची. ते उतरतंय की चढतंय, हे नवख्या माणसाला बघून कळत नाही. फोटोत वाट मोकळी लिहिली होती, म्हणजे उतरतंय असंच त्यांना वाटणार. ती दोन्ही हातांनी फोन धरून उभी होती, आणि बस म्हटलं तरी बसली नाही.

वडिलांचा फोन आला तेव्हा ते धापा टाकत होते. "काढले सगळे. कमरेपर्यंत भिजलेत." मग म्हणाले, "पण मी इथनं हलत न्हाय. दुसरी मंडळी आलीत वर, पुण्याची. आपल्या वळखीची न्हायत. त्यांच्याकडंबी तोच फोटू हाय. ऐकत न्हायत माझं, म्हणतात यात लिहिलंय की."

तिने फोटो जागच्या जागी पुसला. दुपारपर्यंत वर्गाने तारीख घातलेला नवा तक्ता करून माहीत होते तेवढ्या सगळ्या ग्रुपवर पाठवला. माझ्या कामांच्या यादीत 'जुना फोटो थांबवणे' हे तेवढं राहिलं. ते मी दर सोमवारी नव्या पानावर उतरवते.

परवा पनवेलहून माझ्या बहिणीने मला एक फोटो पाठवला. गुलाब होताच, आता खाली समईही आली होती. सोबत लिहिलं होतं: "ताई, या शनिवारी हरिहरेश्वरला येतोय मुलांना घेऊन. वेळ बघून ठेवली आहे."

मी तिला ताबडतोब फोन केला. तिने तो फोटो सकाळीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता.