अमेरिकन कॅमेऱ्यातली कोरडी विहीर

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आधी पाट्या आल्या, मग पडदे, मग कलेक्टर साहेबांच्या दालनात रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ. पाण्याचा नंबर त्यानंतर कुठेतरी असावा. त्या दुष्काळात चाकूरकडच्या माझ्या थोरल्या बहिणीच्या गावाला टँकर यायचा आणि गावविहिरीत रिकामा व्हायचा. बौद्धवाड्यातल्या बायांनी त्या विहिरीच्या काठावर चढायचं नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. त्यामुळे तो खोडताही येत नव्हता. घागरी खाली मांडायच्या आणि कुणाला तरी वरून पोहरा ओतायची इच्छा होईल म्हणून उन्हात बसायचं. वाड्याची स्वतःची विहीर तळापर्यंत सुकली होती. टँकर तिच्यात रिकामा करा, एवढंच अक्काचं मागणं होतं.

मी नांदेडला कॉलेजात शिकवायचो. शिकलेला भाऊ म्हणून तिने मला बोलावून घेतलं आणि आम्ही अर्ज घेऊन तिथल्या पुढाऱ्याकडे गेलो. त्याने अर्ज वाचला नाही.

“अर्जाला कोण इचारतंय, मास्तर? आमचे जावई अमेरिकेहून कॅमेरा घेऊन आलेत. साहेबाला पिक्चरच दावू.”

मग जीपभर माणसं विहीर बघायला गेली. साहेब त्या जीपमध्ये मावले असते, पण तशी पद्धत नव्हती. कॅमेऱ्यापुढे नारळ फुटला. कोरड्या विहिरीला पाठ करून पुढाऱ्याने भाषण केलं, तेही हार घालून. शेवटी जावयाने विहिरीचा तळ टिपला आणि अक्काला काठावर उभं करून बोलायला लावलं.

आठवड्याने साहेबांच्या दालनात कॅसेट लागली. मला प्राध्यापक म्हणून खुर्ची मिळाली. अक्का दाराशी उभी होती. चित्रात रंगच नव्हते. पट्टे वर वर सरकत होते, त्यांच्यामागे विहीर छताकडे जायची आणि पुन्हा खालून उगवायची. अक्काचा आवाज जाडाभरडा, लांबलेला, एखाद्या पहिलवानाला गुंगी द्यावी तसा येत होता. चहा पिणारे हसले.

“बाई आहे का बुवा?” एकाने विचारलं.

साहेब पुढे वाकले. “तळाशी हलतंय ते पाणीच आहे की.”

“पाणी न्हाई, साहेब,” अक्का दारातून म्हणाली, “तुमचा डबाच हलून राहिलाय. जीप खाली उभी हाय. तासाभराची वाट. चला, दावते.”

साहेब पुढाऱ्याकडे बघत म्हणाले, “रेकॉर्डवर दिसेल त्यावरच आम्हाला चालावं लागतं.”

तेव्हा जावयाने कप खाली ठेवला. “तिकडे सेकंदाला तीस चित्रं असतात, इथे पंचवीस. सिनेमाची आणखी वेगळी, चोवीस. तिकडची कॅसेट इथल्या मशीनवर नीट दिसत नाही. मला वाटलंच होतं.”

वाटलंच होतं, आणि तरी त्याने माझ्या बहिणीला भर उन्हात तीनदा बोलायला लावलं होतं.

एका सेकंदाचे तुकडे किती करावेत यावर जगाचं एकमत नाही, हे मला पटण्यासारखं होतं. जगाचं कशावर असतं? किळस आली ती त्या दालनातल्या समाधानाची. अडचण तांत्रिक निघाली म्हणून सगळे सैलावले. कॅसेट मुंबईहून बदलून आणायची, तोवर प्रकरण थांबवायचं, असं ठरलं. बिस्किटांची दुसरी बशी आली. अक्काला कुणी बसही म्हणालं नाही.

कॅसेट मुंबईला गेली की पुढाऱ्याच्या कपाटात, देव जाणे. अक्काने वाट बघितली, मग एका सकाळी वाड्यातल्या बायांनी रस्त्यावर घागरी आडव्या मांडल्या आणि टँकर अडवला.

“मावशी, मला वरून आर्डर न्हाई,” ड्रायव्हर म्हणाला.

“न्हाई ना? मग बस आमच्यासंगं. आमालाबी न्हाई.”

दुपारपर्यंत तो बसला. मग त्याने टँकर वाड्याकडे वळवला आणि त्यांच्या विहिरीत रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी लातूरहून जीप आली. सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल पंचनामा करायचा होता. आलेल्या अधिकाऱ्याने रीतसर विहिरीत वाकून पाहिलं आणि पाणी आढळल्याचं लिहून घेतलं. स्वतःला प्यायला त्याने लातूरहून थर्मास आणला होता.