नळ्यांतला वारा

उपनगरातल्या त्या चर्चमधला पहिला ऑर्गन लहानसा होता. एक माणूस बाजूला उभा राहून हाताने भाता मारायचा आणि म्हातारा शिंपी वाजवायचा. शिंप्याने उभं आयुष्य तो वाजवला, कधी साधं डोकंही दुखलं नाही त्याचं. पुढे वस्ती वाढली, चर्च वाढवलं आणि बंद पडलेल्या एका नाट्यगृहातला थोरला ऑर्गन आणून बसवला. नळ्या पार छताला टेकलेल्या. वारा भरायला आता माणूस नको होता. त्यासाठीची मोटर तळघरात, चर्च उबदार ठेवणाऱ्या कोळशाच्या बॉयलरच्या शेजारी ठेवली.

तिथून पुढे काहीतरी बिनसलं. नव्या ऑर्गनवर आधी एक निवृत्त मास्तर बसले. दोनच हिवाळ्यांत ते बाक सोडून गेले. "तो माझं डोकं पोखरतो," एवढंच म्हणाले. मग पोस्टमन आला. तो ऐन प्रार्थनेत बाकावरून कोसळला, तो उठलाच नाही. डॉक्टरांनी हृदयाचं कारण दिलं. लोक दबक्या आवाजात म्हणू लागले, ऑर्गनने गिळला.

त्यानंतर फादर शिंप्याच्या नातीकडे आले. आजोबांनी तिला लहानपणीच वाजवायला शिकवलं होतं. सासूबाईंचा जीव खालीवर झाला.

"सूनबाई, दुसरं कुणी बसायला तयार नाही म्हणून तुझं दार वाजवलंय त्यांनी."

"आई, लाकूड आणि शिसं आहे ते. माणसं कशाला खाईल?"

उन्हाळा मजेत गेला. थंडी पडली, बॉयलर पेटला आणि तिचं डोकं ठणकायला लागलं. वाजवता वाजवता पोटात ढवळायचं, पट्ट्या डोळ्यांपुढे एकमेकींत मिसळायच्या. अंगणात येऊन उभं राहिलं की बरं वाटायचं. घरी तिने चकार शब्द काढला नाही. सासूबाईंना आयतंच निमित्त मिळालं असतं. एकदा झाडूवालीने नळ्यांमागून दोन मेलेल्या चिमण्या काढल्या. अंगावर जखम नाही की ओरखडा नाही.

"थंडीने गेल्या असतील," फादर म्हणाले.

तिला ते पटलं नाही. चर्चमध्ये तर चांगली ऊब होती.

तिच्या नणंदेचा गळा गोड. रविवारी ती एकटी गाणार होती, म्हणून दोघी दुपारी सरावाला गेल्या. गारठा आत यायला नको म्हणून दारं लावून घेतली. थोड्याच वेळात हिला मळमळायला लागलं.

"तू जरा बस गं, मी आलेच."

"वहिनी, तोवर मी वाजवून बघू?"

"बघ की."

अंगणात भिंतीला धरून ती ओकली. आतून एकेक सूर चाचपडत येत होता. मग एकदम खूपसे सूर एकत्र उठले आणि थांबेचनात. ती धावली. नणंद पट्ट्यांवर पालथी पडली होती, गाल लालबुंद. हिने तिला काखेत हात घालून ओढत बाहेर आणलं. कुठून बळ आलं, तिलाच कळलं नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "बंद खोलीत कोळसा पेटवला होता का?"

"नाही हो, चर्चमध्ये होतो आम्ही," ती म्हणाली आणि बोलता बोलताच तिला तळघर आठवलं. कोळसा खाली पेटला होता. बॉयलरच्या शेजारीच मोटर होती.

मिस्त्रीने तळघर उघडून पाहिलं. धुराडं आतून तडकलेलं. त्यातला विषारी वायू मोटर ओढून घ्यायची आणि नळ्यांतून वर सोडायची. बाकावरच्या माणसाच्या तोंडावर तो आधी यायचा.

ती पोस्टमनच्या बायकोकडे स्वतः गेली. बाईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे दार उघडं असतं, तर ते वाचले असते?"

बाई उठून आत गेली, ती परत बाहेर आली नाही.

बॉयलर बदलला, मोटर अंगणातल्या खोलीत हलवली. तरी बरेच दिवस लोक मागच्या बाकांवर, दाराजवळ दाटीवाटीने बसत. ती मात्र वाजवत राहिली; मोटर सुरू झाली की पहिल्या सुराला तिचा श्वास आपोआप रोखला जायचा.

नणंद जगली, पण तिच्या डोक्यात चाल टिकेना. ती वहिनीच्या बाकाशेजारी येऊन बसते. लहानपणापासून गायलेलं गाणं लागलं की कान देऊन ऐकते आणि विचारते, "वहिनी, हे नवीन आहे का?"

"हो गं, नवीनच आहे."

"छान आहे. पुन्हा वाजव ना."

ती पुन्हा वाजवते.