खडखड्याची रवानगी

आमच्या समोरच्या घरातल्या सुनेला सगळी इमारत सुईवाली म्हणते. सकाळी सात ते दोन ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये लोकांच्या हाताच्या शिरेत सुया टोचते, आणि इतक्या हलक्या हाताने, की रडायच्या तयारीने आलेलं पोरही "झालं?" असं विचारतं. दुपारी जेवून ती दुसऱ्या कामाला बसते. त्याचा तिला पगार नाही.

ते काम म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं एक सॉफ्टवेअर. दृष्टी नसलेली माणसं ते वापरतात. त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. कुणीही उघडावा, वाचावा, सुधारून परत द्यावा. मधुमेहाने सासूबाईंची दृष्टी गेली, तेव्हा त्यांना पेपर ऐकता यावा म्हणून ही त्यात शिरली आणि सहा वर्षांत सगळी सूत्रं तिच्याच हाती आली. गावोगावचे आठदहा हौशी लोक मदत करतात. त्यातल्या एकालाही तिने प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

चौथी मोठी आवृत्ती शनिवारी दुपारी बाराला बाहेर पडायची होती. मोठ्या आवृत्तीत जुनं काढून टाकायची मुभा असते. या वेळी जायचा होता तो जुना आवाज, यंत्रासारखा, नाकातला. घरात त्याला खडखड्या म्हणत. तो लिहिणारा माणूस कधीच सोडून गेला होता, त्याचा कोड कुणाला उमगत नव्हता आणि दर नव्या बदलाला तोच आडवा यायचा. त्याच्या जागी आलेला नवा आवाज थेट माणसासारखा होता. सासूबाईंनी तो महिनाभर ऐकून पास केला होता. "हा कसा शेजारी बसून वाचतोय असं वाटतं. तो मेला डब्यात खडे हलवायचा."

नव्या आवृत्तीत काय बदललं याचं पत्रक ती भाषा तपासायला माझ्याकडे आणते. बुधवारी आली ती पत्रक न उघडताच खुर्चीच्या कडेवर बसून राहिली.

"बाई, एक फोन आला होता."

फोन एका रुग्णालयातल्या टेलिफोनवालीचा होता. तिला जन्मापासून दिसत नाही. पलीकडचा माणूस बोलत असतानाच तिच्या एका कानात खडखड्या सांगत असतो, आज कोणता डॉक्टर, कितवा मजला, कोणता नंबर. तेही साध्या बोलण्याच्या चौपट वेगाने.

"तिने मला ते ऐकवलं. मला एक शब्द कळला तर शपथ! नुसतं टर्रर्र. आणि ती मात्र घडाघडा म्हणून दाखवते."

"आणि नवा आवाज?"

"चाचणीची आवृत्ती तिने लावून पाहिली. त्या वेगाला शब्द एकमेकांत विरघळतात. गोड आहे ना तो, अक्षरांना कडाच नाहीत. वेग कमी केला तर फोनवरचा माणूस ताटकळतो. तिचे साहेब म्हणाले, जमत नसेल तर डोळस माणूस बसवू. आणि सोमवारी त्यांची सगळी मशीनं आपोआप नव्या आवृत्तीवर जाणार."

"हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"ऐकलं कुणी? आम्ही सगळे डोळस. आणि आई. त्या पेपर चवीने ऐकतात, मध्येमध्ये थांबवून पुढाऱ्यांना नावं ठेवत."

खडखड्या केव्हाच बाहेर काढून झाला होता. त्याला परत घ्यावं, तर टाळं आड येत होतं. तिसऱ्या आवृत्तीत शेवटच्या घटकेला कुणीकुणी काय काय घुसडलं आणि दोन दिवस सॉफ्टवेअर सगळ्यांकडेच मुकं झालं होतं. तेव्हापासून तिचाच नियम: आवृत्तीच्या आधी पंधरा दिवस टाळं. आत असलेलं मोडलं तर दुरुस्त करावं, नवं काही आत घ्यायचं नाही. त्याच नियमाने तिने नुकतंच दाढीचं आठ महिन्यांचं काम परत पाठवलं होतं. दाढी म्हणजे तिच्या मदतनिसांपैकी एक, घड्याळं दुरुस्त करणारा. फोटोत दाढीच तेवढी दिसते, म्हणून हे नाव. त्याला एकच दिवस उशीर झाला होता.

गुरुवारी तिने त्याला फोन लावला. घरात रेंज नसते, म्हणून ती जिन्यात उभी राहून स्पीकरवर बोलते आणि दोन्ही घरांना सगळं ऐकू येतं.

"बोला, टाळेवाल्या बाई."

"खडखड्याला परत आत घ्यायचंय." तिने टेलिफोनवालीचं सगळं सांगितलं.

"आत्ता? माझ्या वेळी दार बंद, आणि स्वतःची वेळ आली की किल्ली सापडते वाटतं?"

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चिडून नाही बोलत," तो म्हणाला. "म्हणजे, चिडलोय. पण मला सांगा, घाईत आत घेतलात आणि पुन्हा सगळंच मुकं झालं तर? मग तुमची टेलिफोनवाली तरी काय ऐकणार?"

शुक्रवारी लॅबमध्ये तिला एका आजोबांना दोनदा टोचावं लागलं. "आज तुमचंच तपासून घ्या, ताई," ते म्हणाले. दुपारी ताट तसंच राहिलं. मी दही मागायला गेले होते, तेव्हा सासूबाई तिला विचारत होत्या, "माझ्या पसंतीवर विसंबलीस ना गं?"

"नाही हो आई."

"खोटं बोललीस की आवाज बारीक होतो तुझा. आणि शनिवारच कशाला हवा? तारीख पुढे ढकल."

"लोकांना शब्द दिलाय. दोन शाळा त्यासाठी थांबल्यात."

"मग शिव्या देतील. माझ्या ऐकतेस, तशा त्यांच्या ऐक."

शनिवारी तिने लॅबमधून सुट्टी घेतली, साडेअकराला माझ्याकडे आली आणि चार ओळी वाचून दाखवल्या. आवृत्ती तीन आठवड्यांनी येईल. वेगाने ऐकणाऱ्यांना विचारलं नाही, ही चूक माझी. टाळं सहा दिवस उघडं आहे. परत पाठवलेली कामं पुन्हा आणावीत.

"भाषा ठीक आहे?"

"एक शब्द बदलू नकोस."

बारा वाजता तिने ते पाठवलं. एका शाळेने खरोखरच झाडलं. सोमवारसाठी त्यांनी शिकवणारा माणूस बोलावून ठेवला होता. दाढीने लिहिलं, "माझं उद्या पाठवतो. खडखड्याला मात्र मी हात लावणार नाही." म्हणजे खडखड्या तिच्याच गळ्यात आला. त्याच्या फाइलमध्ये 'कोण सांभाळतं' ही जागा कित्येक वर्षं रिकामी होती. तिने तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

पहिले पाच दिवस नव्या कोडात खडखड्या तोंडच उघडेना. सहाव्या दिवशी, शुक्रवारी चारला, तो बोलला. संध्याकाळी सहाला टाळं पडणार होतं. टेलिफोनवालीला पाचला चहाची सुट्टी असते. तेव्हा सुईवालीने जिन्यात उभं राहून फोन लावला. मी आपली उंबऱ्यात उभी. पलीकडून ती टर्रर्र ऐकू आली, तुटली, पुन्हा सुरू झाली. मग थांबली.

"ऐकताय ना?" सुईवालीने विचारलं.

"अडखळतोय," टेलिफोनवाली म्हणाली. "पण तोच आहे."

"कुठे अडखळतो?"

"आकड्यांवर. आणि माझं सगळं आकड्यांचंच असतं, ताई."

"अडखळणारा आत घेतला तर पंधरा दिवसांत दुरुस्त करता येईल. नाही घेतला तर काहीच करता येणार नाही."

"होईल का पंधरा दिवसांत?"

सुईवालीने कठडा धरला. "माहीत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला नव्हता.

"मग घ्या आत," पलीकडून आलं. "मी रोज पाचला फोनवर आहे."

पावणेसहाला तिने त्याला आत घेतलं आणि सहाला टाळं लावलं. मग एक ते शंभर आकडे एका ओळीत लिहून ती ऐकायला बसली. सतरावर तो पहिल्यांदा अडकला.