घुगरी उडाली तो दिवस

देवीवरचा माझा विश्वास त्या काळात उरला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, ही बाई पहिल्यापासूनच भोळीभाबडी. मी अंगणवाडी सेविका आहे, तोंडानं फटकळ आहे आणि राळेगावच्या रस्त्यावरच्या आमच्या तांड्यात माझ्याशी वाद घालायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. पण त्या वेळी तीन वर्षं मी कुणाशी वादच घातला नव्हता. भांडायलाही आतून काहीतरी लागतं, ते संपलं होतं. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा, आजचा दिवस कसा ढकलायचा. अंगणवाडीतली लेकरं गाणं म्हणायची आणि मी त्यांच्याकडे भिंतीकडे बघावं तशी बघत बसायची. मरणाचेही विचार येत. ते मी फक्त डॉक्टरांना सांगितले होते.

डॉक्टर यवतमाळचे. त्यांनी याला नैराश्य म्हणतात असं सांगितलं आणि एकामागून एक तीन प्रकारच्या गोळ्या देऊन पाहिल्या. प्रत्येक गोळी मी महिनोन्‌महिने नेमानं घेतली. झोप वाढली, वजन वाढलं, मन मात्र होतं तिथंच. तांड्यातल्या बायका म्हणत, हिला कुणाची नजर लागली. माझी सासू, जिला आम्ही सगळे याडी म्हणजे आई म्हणतो, ती दर मंगळवारी आमच्या देवीपुढं, मरियामेपुढं, निखाऱ्यावर तूप-गुळाचा भोग लावायची आणि माझ्या नावानं अरदास, म्हणजे देवीची विनवणी, करायची. मी मागं उभी राहून हात जोडायची. खरं सांगायचं तर हात नुसते जोडलेले असायचे. देवीला माझं ऐकू जात असतं तर एव्हाना गेलं असतं, असं माझं मत झालं होतं.

मग एके दिवशी डॉक्टर म्हणाले, आता एक वेगळा उपचार करून बघू. डोक्याला बाहेरून एक जाड वेटोळं लावायचं, त्यातून चुंबकाचे ठोके मेंदूच्या डाव्या भागाला द्यायचे. बेशुद्ध करणं नाही, शॉक नाही, कापाकापी नाही. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे यायचं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. ते याला टीएमएस म्हणत, घरी आल्यावर आम्ही त्याचं नाव चुंबकाची मशीन ठेवलं. मी होकार दिला तो काही आशेनं नव्हे. नाही म्हणण्याइतकाही जोर नव्हता म्हणून दिला.

पहिल्या दिवशी निघायच्या आधी याडीनं ट्रंकेतून माझी लग्नातली घुगरी काढली. घुगरी म्हणजे आमच्या बायका कानामागच्या केसांत ओवतात तो चांदीचा लोंबता दागिना. नोकरी लागल्यापासून मी ती घातलीच नव्हती. याडीनं ती देवीच्या पायाला लावली, माझ्या डाव्या कानामागच्या वेणीत घट्ट ओवली आणि नवस बोलली, की ही पुरती बरी होईपर्यंत घुगरी केसांतून निघणार नाही. मला कसलाच उत्साह नव्हता, पण याडीचं मन मोडवेना, म्हणून मी मान पुढं केली होती.

दवाखान्यातली मुलगी मोठी नीट काम करणारी होती. अंगावर, डोक्याला कुठं धातू आहे का, असं तिनं दोनदा विचारलं. मी कानातलं काढलं, गळ्यातलं काढलं, केसांच्या पिना काढल्या आणि नाही म्हणून सांगितलं. खोटं बोलतेय असं मला वाटलंच नाही. दागिना म्हणजे कानातलं, गळ्यातलं. केसांत होती ती देवीची खूण होती, तिला मी धातूत मोजलीच नव्हती. लेकरांना जस्त आणि लोहाच्या गोळ्या वाटणाऱ्या माझ्यासारख्या बाईनं ही चूक करावी, याचं आज हसू येतं.

त्या मुलीनं वेटोळं डाव्या कानाच्या वर टेकवलं आणि पहिला ठोका दिला. टक. त्याच क्षणी घुगरी वेणीतून उसळली आणि कानामागं टोचली. मुलीनं लगेच मशीन बंद केली, केस चाचपले, घुगरी सापडल्यावर तिचा चेहरा उतरला. डॉक्टर धावत आले, कान पाहिला, मला बरं वाटतंय ना ते पाच-सहा वेळा विचारलं. काही झालं नव्हतं. ते म्हणाले, ही काढून ठेवा, मग सुरू करू. मी घुगरी काढली, मुठीत घेतली आणि खुर्चीवरून उठून सरळ बाहेर आले. बाहेर नवरा बसला होता. त्याला म्हटलं, देवीनं नाही म्हटलंय, घरी चल. तो बिचारा कमी बोलणारा माणूस. त्यानं एकदा आत वळून पाहिलं आणि माझ्या मागं निघाला.

एसटीत बसल्यावर मला कळून चुकलं की आता काहीच उरलं नाही. गोळ्या झाल्या, देव झाला, ही मशीन शेवटची होती आणि तिच्याकडेही देवीनं पाठ फिरवली. नवस मोडला तो वेगळाच. घरी जाऊन याडीला काय तोंड दाखवायचं? आणि त्यानंतर रोज सकाळी उठायचं तरी कशासाठी?

कळंब आलं आणि गाडी गरम होऊन बंद पडली. कंडक्टरनं सगळ्यांना खाली उतरवलं. नवरा दुसऱ्या गाडीची चौकशी करायला गेला आणि मी समोरच्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसले. दुकान मोटारी वाइंडिंग करण्याचं होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडून पडलेल्या, तांब्याच्या तारेची बंडलं टांगलेली, आणि मधोमध पांढऱ्या दाढीचे एक मुसलमान मिस्त्री तार गुंडाळत बसलेले. मी रडतेय हे मला समजलं नव्हतं, त्यांना दिसलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. माझ्या मुठीतली चांदी पाहून त्यांना वाटलं, दागिना तुटला असेल. ते इतक्या साधेपणानं विचारत होते, की तीन वर्षांत सख्ख्या बहिणीला जे सांगितलं नाही ते मी त्या अनोळखी माणसाला सांगून बसले. मशीन, वेटोळं, नवस, घुगरीची उडी, सगळं.

ते शांतपणे ऐकत होते. मग उठले, एका लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तारेची गुंडी पुढं ओढली, भंगारातली ॲल्युमिनियमची एक कडी गाभ्यावर चढवली आणि बटन दाबलं. कडी टणकन हवेत उडाली. मी दचकून मागं सरकले. त्यांनी कडी उचलून पुन्हा घातली, पुन्हा बटन दाबलं. पुन्हा उडाली.

"लोखंड असलं त चिकटते बाई, अन्‌ चांदी, ॲल्युमिनियम पळते. तिचा सुभावच तसा आहे," ते म्हणाले. "देवी रुसली असती त तुमची चांदी उडाली असती. माही भंगारातली कडी काहून उडाली असती? हिनं कोणता नवस मोडला?"

तीन वर्षांत पहिल्यांदा ओठाच्या कोपऱ्यात कसलीशी हालचाल झाली, ती हसण्याची असावी. मिस्त्रीचाचांना म्हटलं, पुन्हा एकदा करा. त्यांनी केलं. तेवढ्यात अजान झाली आणि ते हात धुवायला उठले. जाता जाता म्हणाले, "मी आज तुमच्यासाठी दुआ मागतो. पन उद्या तुम्ही तिथं जा. दुआ इथं बसून मागता येते बाई, मशीनवर त तुमालेच बसा लागते."

गाडी कळंबलाच का बंद पडली, त्याच दुकानासमोर का पडली, मला ठाऊक नाही. उन्हाचे दिवस, जुनी गाडी, पडायचीच. मी त्यावर कुणाशी हुज्जत घालत नाही.

घरी गेल्यावर घुगरी याडीच्या हातावर ठेवली आणि झालं ते सगळं सांगितलं. ती उठून एकटीच देवीपाशी गेली. मी दारातून पाहत होते. तिनं घुगरी मरियामेच्या पायाशी ठेवली, कपाळ टेकवलं आणि आमच्या गोरबोलीत मोठ्यानं बोलली, की नवस मी बोलले होते, मोडला तोही माझ्यावर घे, पोरीवर नको. आणि आता तिला तूच धर, माझा हात पुरत नाही. एवढी हट्टी म्हातारी, जन्मभर देवीशीही घासाघीस करत आलेली. तिनं सगळं असं देवीवर सोडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी मी तिच्या मागं उभी राहिले तेव्हा माझे हात खरोखर जोडले गेले.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसले. पुन्हा टक, टक, आणि माझा उजवा अंगठा आपोआप उडाला. मुलगी खूश झाली. ठोक्याचा जोर किती ठेवायचा ते म्हणे यावरूनच ठरतं. मी अंगठ्याकडे बघतच राहिले. तीन वर्षं बोट उचलायचं तरी स्वतःला फरफटत न्यावं लागायचं, आणि इथं मी काही न करता माझंच शरीर हललं होतं. मग वेटोळं कपाळाकडे सरकलं आणि सुतारपक्ष्यासारखी टकटक सुरू झाली. रोज गाडीनं जायचं, टकटक सोसायची, परत यायचं. दोन आठवडे काही म्हणता काही फरक नाही. मी मात्र जात राहिले. गुण येणं माझ्या हातात नव्हतं, खुर्चीवर जाऊन बसणं होतं.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी नवऱ्यानं वरण केलं होतं. पहिला घास घेतला आणि मी ताट बाजूला सरकवलं. "मीठ कुठं आहे यात? कुत्रं तरी खाईल का हे?" असं म्हणून मी सुरू झाले ते थांबेचना. मिठावरून धुण्यावर, धुण्यावरून त्याच्या बहिणीवर. बोलता बोलता पाहिलं तर नवऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी घाबरून गप्प झाले.

"थांबू नको," तो म्हणाला. "बोल. अजून बोल."

तीन वर्षं वरणात मीठ आहे की नाही, ते मला कळलंच नव्हतं. त्या दिवशी कळलं. त्या दिवसानंतर एकेक गोष्ट परत येत गेली. भूक आली, अंगणवाडीतल्या गाण्यातली चूक ऐकू यायला लागली, रस्त्याकडेचा पळस लाल दिसायला लागला. सहा आठवडे संपले तेव्हा डॉक्टरांनी प्रश्नांचा कागद पुढं केला आणि माझी उत्तरं वाचून चष्मा काढून पुसला. गोळ्या अजून चालू आहेत, तपासणीला जावं लागतं, पण मरणाचा विचार आलेला नाही. मी जिंकले, असं म्हणायला मला मुळीच लाज वाटत नाही. परतताना कळंबला उतरून चाचांना पेढे दिले. ते म्हणाले, मोटार जळली म्हणून कोणी विहीर बुजवते का?

देवीनं मला कशी बरी केली, असं कुणी विचारलं तर मी सगळ्यांची नावं घेते. डॉक्टर, ती मुलगी, ते चाचा, वरण बिघडवणारा माझा नवरा. तिला इतके हात आहेत हे मला माहीत नव्हतं, कारण मी फक्त मूर्तीच्या हातांकडे बघत होते. शरण जायचं म्हणजे तिनं पुढं केलेला हात, तो कुणाचाही असो, धरायचा, एवढं मला उमजलं. त्याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे.

परवा संध्याकाळी याडी आणि मी ओट्यावर तूर निवडत बसलो होतो. सुपातली नजर न उचलता ती हळूच म्हणाली, तुला जे होतं ना, ते मला तुझा सासरा गेल्यापासून आहे. सासरे जाऊन चौदा वर्षं झाली, आणि तेवढी सगळी वर्षं माझ्यासाठी, घरासाठी, तांड्यासाठी अरदास करणारी ही बाई. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सगळ्याच बायकांना असंच असतं, असं वाटायचं. तू बरी झालीस तेव्हा समजलं की हे जातंही.

तिला मशीन लागेल की गोळ्यांनी भागेल, ते डॉक्टर ठरवतील. मी सूप खाली ठेवलं आणि म्हटलं, "याडी, उद्या सकाळच्या गाडीनं आपण दोघी निघू." जन्मभर सगळ्यांशी घासाघीस करणाऱ्या त्या म्हातारीनं एकही प्रश्न विचारला नाही. उठली आणि उद्या नेसायचं लुगडं काढायला आत गेली.